खडा उजवीकडून डावीकडे गेला

पाडवा झाला आणि त्याच आठवड्यात उजव्या कुशीत दुखायला लागलं. नववीचे विज्ञानाचे पेपर तपासायचे होते. दोन-दोन तास खुर्चीतून उठणं होत नव्हतं, आणि सांगलीचं ऊन असं की प्यायलेलं पाणी घामातच जायचं. आधी वाटलं बसून बसून पाठ धरली असेल. पण दुखणं बरगडीखालून निघून पुढं पोटाकडं यायचं, तासाभरानं ओसरायचं, पुन्हा यायचं. रात्री कूस बदलली की जाग यायची.

"मुतखडाच हा," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी असं ठामपणे म्हणायला कारण होतं. माझ्या आईला मुतखडा होता. १९८६ साली मिरजेला तिचं ऑपरेशन झालं. दुर्बिणीनं खडा काढतात हे तेव्हा आमच्या घरात कुणाच्या कानावरही आलं नव्हतं. कुशीत वीतभर कापून खडा काढला होता. मी १९ वर्षांची होते. तिच्या उशाशी बसून काढलेल्या रात्री, ड्रेसिंग बदलताना तिनं दातात धरलेला पदर, सगळं मला लख्ख आठवतं. त्यामुळं 'मुतखडा' हा शब्द घरात उच्चारला गेला आणि माझे हातपाय गार पडले.

डॉक्टरांनी लघवी तपासली, एक्स-रे आणि सोनोग्राफी लिहून दिली. दोन्ही सांगलीतच झालं. एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: उजव्या किडनीच्या जागी ११ मिलिमीटरची पांढरी सावली, खडा असण्याची शक्यता. सोनोग्राफीत गॅसमुळं नीट दिसलं नाही, किडनीला सूज नाही, पण खडा नाहीच असं सांगता येत नाही, असं काहीसं होतं. लघवीत रक्ताच्या पेशी नव्हत्या. या दोन गोष्टी, सूज नसणं आणि लघवी स्वच्छ असणं, कागदावर होत्या, मी वाचल्याही होत्या. पण ११ या आकड्यापुढं मला दुसरं काही दिसत नव्हतं.

सर्जननी फिल्म दिव्यावर लावली आणि पेनाचं टोक त्या डागावर ठेवलं. "मॅडम, चार-पाच एमएमचा असता तर पाणी पिऊन पडला असता. हा आपोआप पडायचा नाही. दुर्बिणीतून लेसरनं फोडू, आत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, ठेवू, दोन-तीन आठवड्यांनी ती काढू." त्याआधी एक सीटी स्कॅन करून आणा म्हणाले आणि पुढच्या गुरुवारची वेळ दिली. त्यांनी बीपी विचारलं, साखर विचारली, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का विचारलं. मी तिन्हीला नाही म्हटलं. मी रोज घेत असलेल्या बाकीच्या गोळ्यांचा विषय निघाला नाही, आणि मीही काढला नाही. हाडाची गोळी, रक्तवाढीची गोळी, ॲसिडिटीची गोळी यांना मी औषध मानतच नव्हते. डब्यातल्या साखर-चहासारख्या त्या घरात असायच्या.

ते पाच दिवस वाईट गेले. जाऊबाईंनी कुंडीतल्या पानफुटीची दोन पानं रोज सकाळी माझ्या हातावर ठेवली. शेजारच्या काकूंनी कुळथाचं कढण पाठवलं. टोमॅटो घरातून बंद झाला. पुण्याहून मुलगा दिवसातून तीनदा फोन करायचा. हे काही बोलायचे नाहीत, पण बँकेचं पासबुक काढून बसलेले दिसायचे. सगळ्यांची माया खरी होती आणि त्या मायेनं मला धीरही आला, हे मी मनापासून लिहिते. फक्त त्यातल्या एकाही माणसानं, माझ्यासकट, त्या पांढऱ्या डागाबद्दल शंका घेतली नव्हती. एक्स-रेत दिसलं म्हणजे आहे, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

सीटीसाठी मिरजेला गेले. आमच्याकडं मोठ्या आजाराला मिरजच. वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली तिथं दवाखाना उभारला तेव्हापासून कर्नाटकातूनसुद्धा माणसं येतात. विश्रामबागेतून वडापच्या गाडीनं गेलो, मी आणि हे. मांडीवर जुन्या फिल्मचं पिवळं पाकीट.

तिथल्या रेडिऑलॉजिस्ट मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. सीटीचा फॉर्म त्यांनी बाजूला ठेवला आणि आधी पाकिटातली फिल्म मागितली. बराच वेळ बघितली. मग विचारलं, "बाई, गोळ्या कुठल्या कुठल्या चालू आहेत?"

मी म्हटलं, "तशा काही नाहीत. बीपी, शुगर काही नाही मला."

"हाडाची? रक्ताची? पित्ताची? दुकानातून आणून घेतलेली कुठलीही?"

पर्समध्ये माझी गोळ्यांची पिशवी होती. ती टेबलावर ओतली. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात अंगणात घसरून मनगट मोडलं होतं. तेव्हा हाडं ठिसूळ निघाली, म्हणून कॅल्शियम कार्बोनेटची मोठी लांबट गोळी रोज एक. हिमोग्लोबिन ९.८ आलं होतं म्हणून लोहाची एक. आणि पित्त होतं म्हणून सकाळी उठल्या उठल्या ॲसिड कमी करणारी एक. ही शेवटची डॉक्टरांनी दोन महिन्यांसाठी दिली होती, मी ती दोन वर्षं घेत होते.

मॅडमनी कॅल्शियमची पट्टी उचलून एक गोळी बाहेर काढली आणि फिल्मवरच्या डागाशेजारी धरली. "कधी घेता ही?"

"रात्री झोपताना."

"जेवल्यावर लगेच?"

"नाही, दोन-अडीच तासांनी. लक्षात राहतं म्हणून."

"आणि पोट साफ होतं रोज?"

मी गप्प बसले. चार-चार दिवस होत नव्हतं. हे शेजारी होते, म्हणून बोलायला संकोच वाटला. त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी ह्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि मग मी सगळं सांगितलं. लोहाची गोळी सुरू झाल्यापासूनची बद्धकोष्ठता, त्यावर कॅल्शियम, पोट सतत भरल्यासारखं. कुशीतलं दुखणं दोन-तीन दिवस कोठा साफ नसला की वाढतं, हे मी त्या क्षणी पहिल्यांदा जुळवलं.

मग त्यांनी मला फिल्म कशी वाचायची ते दाखवलं. मी विज्ञान शिकवते म्हटल्यावर त्यांनाही सांगायला हुरूप आला. खऱ्या खड्याची कड बहुधा खडबडीत, वेडीवाकडी असते. माझ्या डागाची कड चारी बाजूंनी सारखी, गुळगुळीत, आणि आत सगळीकडं एकसारखा पांढरा. मोठं आतडं उजव्या बाजूनं वर चढतं आणि यकृताखाली वळतं. ते वळण उजव्या किडनीच्या अगदी पुढं येतं. एक्स-रे समोरून काढतात, त्यामुळं पुढचं आणि मागचं एकाच कागदावर एकावर एक पडतं. आतड्यातली वस्तू किडनीतली वाटते ती यामुळं. लांबट गोळी आतड्यात टोकावर उभी राहिली तर फिल्मवर ती गोल दिसते आणि लहानही दिसते. "आणि ११ एमएमचा खडा किडनीत असता," त्या म्हणाल्या, "तर सोनोग्राफीत तो सहसा चुकत नाही."

पुढचं मला कुणी सांगायची गरज नव्हती, आणि तेच मला फार लागलं. २७ वर्षं मी मुलांकडून आवर्तसारणी पाठ करून घेतली आहे. आपलं मांस, चरबी, पाणी हे हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनचं, म्हणजे अणुक्रमांक १, ६, ७, ८. हाडात कॅल्शियम आणि फॉस्फरस, २० आणि १५. अणुक्रमांक वाढतो तशी क्ष-किरण अडवायची ताकद साधारण त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून हाड पांढरं उमटतं. बहुतेक मुतखडे कॅल्शियमचेच असतात, म्हणून तेही पांढरे. आणि माझी गोळी कॅल्शियम कार्बोनेटची. फिल्मला खडा आणि गोळी यांतला फरक कळणार कसा? तिला फक्त कॅल्शियम दिसतं.

मी विचारलं, आणखी कुठल्या गोळ्या अशा दिसतात? त्यांनी बोटांवर मोजल्या. लोहाच्या. पोटॅशियम क्लोराइडच्या. पोटासाठीची बिस्मथ असलेली औषधं, बिस्मथ म्हणजे थेट ८३. जठरात विरघळू नयेत म्हणून जाड वेष्टण चढवलेल्या काही गोळ्या, ज्या आतड्यात बराच वेळ अख्ख्या राहतात. बेरियमची तपासणी झाली असेल तर मागं उरलेलं बेरियम. आणि सगळ्यात ठळक म्हणजे किडनी निकामी झालेल्यांना फॉस्फरस बांधून ठेवायला देतात ती लॅन्थॅनमची चघळायची गोळी. ती न चावता गिळली तर फिल्मवर चकत्याच्या चकत्या दिसतात, धातू असावा तशा पांढऱ्या. बेरियम ५६, लॅन्थॅनम ५७. तक्त्यात ही दोघं शेजारी बसतात. गोळ्यांखेरीज ओटीपोटातल्या शिरांमधले चुनखडी झालेले गोळे, पोटातल्या जुन्या टीबीच्या वाळलेल्या गाठी आणि काही पित्ताचे खडेसुद्धा फसवतात.

उलटंही होतं, हे त्यांनी बजावून सांगितलं आणि मीही इथं मुद्दाम लिहिते. युरिक ॲसिडचा खडा साध्या एक्स-रेत दिसतच नाही. फिल्म कोरी आली म्हणून कुणी दुखणं अंगावर काढू नये.

त्यांनी सीटी थांबवली. सीटीत गोळी आतड्याच्या पोकळीत आहे की किडनीत हे लगेच कळलं असतं, पण त्यात किरणांचा मारा साध्या फिल्मच्या कितीतरी पट. म्हणाल्या, आधी साधी फिल्म पुन्हा काढू, एक उताणं झोपवून, एक कुशीवर. पहिल्या फिल्मला पाच दिवस झालेच आहेत.

गार टेबलावर झोपले. "श्वास घ्या, सोडा, धरून ठेवा." दहा मिनिटांनी मॅडमनी मला संगणकासमोर बोलावलं.

उजव्या किडनीच्या जागी काहीच नव्हतं. डाग होता, पण तो डाव्या बाजूला खाली, कमरेच्या हाडाजवळ. आणि त्याच्या वर, डाव्या कुशीत, आणखी एक. मधल्या पाच रात्री मी गोळ्या घेतच होते ना. कुशीवरच्या फिल्ममध्ये दोन्ही डाग मणक्याच्या बरेच पुढं होते. किडनी मणक्याला लागून असते, त्यामुळं तिच्यातला खडा बाजूनं बघितलं की मणक्यावरच पडतो.

"उजव्या किडनीतला खडा उजव्याच नळीनं खाली उतरतो आणि मूत्राशयात पडतो," मॅडम म्हणाल्या. "उजवीकडून डाव्या कुशीत जायला वाट फक्त आतड्याला आहे."

मला रडू आलं. आईच्या उशाशी बसलेली ती मुलगी इतकी वर्षं आत कुठंतरी बसून होती, ती त्या खोलीत उठून उभी राहिली असं वाटलं.

पण मॅडमनी एवढ्यावर सोडलं नाही, आणि याचं मला फार मोल वाटतं. कॅल्शियम आणि लोह चार दिवस बंद. हलकं जेवण, आदल्या रात्री पोट साफ व्हायचं औषध, सकाळी उपाशी येऊन पुन्हा एक फिल्म आणि सोनोग्राफी. तेव्हाही काही दिसलं नाही तरच आपण खडा नाही म्हणायचं. गुरुवारी ऑपरेशनच्या टेबलावर असायची ती मी मिरजेच्या त्याच गार टेबलावर होते. फिल्म स्वच्छ आली. गॅस नसल्यानं सोनोग्राफीत दोन्ही किडन्या नीट दिसल्या. खडा नाही, सूज नाही.

घरी आल्यावर एक गोष्ट मला स्वस्थ बसू देईना. गोळी रात्री घेतलेली, ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोठ्या आतड्यात अख्खी कशी? माझा भाचा औषधाच्या दुकानात असतो. त्याला विचारलं तर म्हणाला, "मावशी, व्हिनेगर आहे का घरात? त्यात टाकून बघ. गोळी अर्ध्या तासात फुटली पाहिजे."

स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन पेले मांडले. एकात माझ्या पट्टीतली गोळी, एकात त्यानं दिलेली दुसऱ्या कंपनीची. वर्गात मी किती वेळा संगमरवराच्या तुकड्यावर आम्ल ओतून चुन्याची निवळी पांढुरकी करून दाखवली आहे. कॅल्शियम कार्बोनेट आम्लातच विरघळतं, नुसत्या पाण्यात नाही. दर पाच मिनिटांनी चमचा फिरवत राहिले. भाच्याची गोळी वीस मिनिटांत भुकटी होऊन तळाला बसली. माझ्या गोळीला बारीक बुडबुडे आले, वरचा चकचकीत थर निघाला, आणि तासाभरानंतरही मधला गाभा चमच्याला टक्कन लागत होता.

आणि हे झालं व्हिनेगरमध्ये. माझ्या पोटात तर तेवढंही आम्ल नव्हतं. रोज सकाळची पित्ताची गोळी नेमकं आम्लच कमी करत होती. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं असतं, कारण जेवताना जठरात आम्ल सुटतं. मी ते रिकाम्या पोटी, झोपताना घेत होते. म्हणजे हाडासाठी म्हणून जी गोळी दोन वर्षं निष्ठेनं गिळली, तिच्यातलं कितीसं हाडापर्यंत पोचलं असेल! खडा नाही याचा आनंद होताच, पण या गोष्टीचं मला जास्त वाईट वाटलं. माझं मनगट अजून थंडीत ठणकतं.

आमच्या डॉक्टरांनी सगळं नव्यानं बसवून दिलं. कार्बोनेटच्या जागी कॅल्शियम सायट्रेट, त्याला आम्लाची गरज लागत नाही. लोह आणि कॅल्शियम एका वेळी नाही, कारण कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही. पित्ताची गोळी हळूहळू बंद. जेवणात पालेभाजी, ताक, पाणी, आणि सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालणं. पंधरा दिवसांत पोट मार्गी लागलं तसं कुशीतलं दुखणंही गेलं. भरलेलं आतडं ताणून दुखत होतं, असं डॉक्टर म्हणाले.

सर्जनकडं मी स्वतः गेले. फोनवर वेळ रद्द करून मोकळं होता आलं असतं, पण ते मला पटेना. सगळ्या फिल्म त्यांच्यापुढं ठेवल्या. पहिली दिव्यावर लावली, मग एकेक करून बाकीच्या. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गोळ्यांचं विचारायचं राहिलं माझ्याकडून. सीटीत कळलं असतं, पण तुम्हाला पाच दिवस उगाच काढायला लागले." त्यांनी हे सरळ मान्य केलं, म्हणून माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग उरलेला नाही. राग आहे तो एका रिकाम्या जागेवर. एक्स-रेच्या फॉर्मवर नाव, वय हे सगळं असतं, पण 'गेल्या आठवड्यात घेतलेल्या गोळ्या' अशी एक ओळ त्यावर नसते. निघताना मी त्यांना तसं बोललेही.

आमच्या गल्लीत डायलिसिसवर असलेले एक गृहस्थ आहेत. मे महिन्यात त्यांना पोटाचा एक्स-रे सांगितला. त्यांच्या बायकोबरोबर बसून मी त्यांच्या सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडल्या. जेवणाबरोबर चघळायची एक पांढरी चकती निघाली. पट्टी उलटी केली, मागं बारीक अक्षरात लॅन्थॅनम कार्बोनेट लिहिलेलं.

"काकू, ही ते चावतात का?"

"कुठलं ओ. दात नाहीत त्यास्नी. गिळत्यात तशीच."

वहीचं पान फाडून सगळी नावं लिहिली, मिलिग्रॅम लिहिले, शेवटची गोळी कधी घेतली ते लिहिलं, आणि लॅन्थॅनमखाली दोन रेघा मारून 'न चावता गिळतात' असं लिहिलं. कागद त्यांच्या फाइलीच्या पहिल्या पानाला टाचला.

आईची १९८६ ची फिल्म गोदरेजच्या कपाटात तिच्या साड्यांखाली आहे. परवा काढून खिडकीशी धरली. तिचा खडा किडनीच्या पोकळीतच वाढत गेलेला, फांद्या फुटल्यासारखा, सांबराच्या शिंगांसारखा वर पसरलेला. माझ्या पहिल्या फिल्मवरचा डाग तिच्याशेजारी धरला. गुळगुळीत, लंबगोल, त्यावर एक पुसट सरळ रेघ. गोळीवर मधोमध तोडायला खाच असते ना, तीच ती रेघ. पहिल्या दिवसापासून ती तिथं होती.